नख कापलेला उमेदवार

ताडकळसच्या काशिनाथ महालिंगप्पावर अन्याय झाला तो फसली १३५४ च्या, म्हणजे इंग्रजी १९४४ च्या, आजूर महिन्यात, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी. ठिकाण: परभणीतल्या एका सरकारी डॉक्टरची खोली. अन्याय असा, की त्याला उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कापायला लावलं.

हसू येत असेल तर हसून घ्या. ही हकिकत मी ज्यांना सांगितली ते सगळे आधी हसले. मग मी पुढचं सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

संपादकांनी मला बजावलंय, "पत्रक लिहू नका, अनुभव लिहा. लोक फराळ करता करता वाचतात." मी आजवर पत्रकंच लिहिली आणि रात्रीतून भिंतींना चिकटवली. तेव्हा अनुभवात मधूनच पत्रक घुसलं तर बोल संपादकांनी मला लावावा. वाचकांनी आपलं वाचत राहावं.

पिंगळी स्टेशनावरून गाडीवाटेनं गेलं की कापसाच्या बियाण्याचा एक सरकारी फार्म लागतो. नाव लिहीत नाही. माझे सोबती अजून तिथं कामाला आहेत आणि त्यांना घरी बसवायची माझी इच्छा नाही. तिथं मी तीन हंगाम काढले. आमच्या हुद्द्याचं उर्दू नाव इतकं लांब होतं की ते पाटीवर मावत नव्हतं. आसपासची माणसं आम्हाला फूलवाले म्हणत.

फूलवाल्याचं काम काय ते सांगतो, म्हणजे नखाचं महत्त्व कळेल.

आमच्या भागातल्या गावरान कापसाचा धागा लांब आणि मऊ, पण झाडाला मर लागते. आज हिरवंगार दिसणारं झाड आठवड्यात मान टाकतं. दुसरीकडचा एक कापूस असा आहे की त्याला मर शिवत नाही, पण धागा आखूड आणि खरखरीत. दोघांचं लग्न लावायचं, आणि आईचा धागा व बापाचा चिवटपणा घेतलेलं मूल होतंय का बघायचं. झाडांचं लग्न आपोआप लागत नाही. माशी कुठल्याही फुलावरचा पराग कुठल्याही फुलावर नेऊन टाकते. म्हणून माणूस लागतो.

उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच ओळखू येते. पाकळ्यांची गुंडाळी शेंड्यातून पिवळी बाहेर डोकावते. डाव्या हातानं देठ धरायचा, उजव्या अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी गोल फिरवायचं, आणि पाकळ्या पुंकेसरांसकट टोपीसारख्या उचलून घ्यायच्या. आत उरते नुसती गर्भपिशवी आणि तिची काडी. तिच्यावर बोरूची पोकळ नळी घालायची, खुणेला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की ज्या झाडाला बाप करायचं त्याचं फूल आणून त्या काडीवर अलगद फिरवायचं. झालं लग्न. ज्या झाडाचं वाण तसंच शुद्ध ठेवायचं त्याच्या कळीला संध्याकाळी शेंड्याशी पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे फूल उमलतच नाही आणि माशी आत शिरत नाही.

नख बोटापुढं ज्वारीच्या दाण्याएवढं हवं. त्याला धार असली तर गर्भपिशवीला चरा पडतो आणि दोन-चार दिवसांत बोंड गळतं. बोथट असलं तर कळी चुरगळते. माझ्याबरोबरचा फूलवाला काशिनाथ रोज कौलाच्या तुकड्यावर नख घासून बेताचं करायचा. चिमटे आणि बारीक कात्र्या मिळाव्यात म्हणून त्यानं दोन वर्षं वर लिहिलं. उत्तर यायचं, लढाई चालू आहे, सामान येत नाही. नख मात्र लढाईतही वाढतं, म्हणून काम चालू होतं.

दोरे बांधायला बायका असत. त्यांच्यात रंभाबाई म्हणून एक होती. तिच्या जिभेला सुट्टी कधीच नसायची. आमचे अंगठे बघून म्हणायची, "नवरीवानी नखं राखत्यात अन् म्हनं कालिजात शिकलेत."

"रंभाबाई, कालिजात नखाचा विषय नव्हता," काशिनाथ म्हणायचा.

"मंग काय शिकलाव ओ एवढे दिस?"

शिकला होता पुष्कळ. हैदराबादेत राहून, सगळं सायन्स उर्दूतून शिकून बीएस्सी झाला होता. घरी ताडकळसला बापाचं किराण्याचं दुकान. घरात मराठी, मठात कानडी वचनं, कालिजात उर्दू, पुस्तकं इंग्रजी. असा माणूस संध्याकाळच्या उन्हात कापसाच्या ओळीत वाकून कळ्या सोलत होता, आणि त्याबद्दल त्याला मिळणारी तनखा दफ्तरातल्या चपराशाच्या तनखेपेक्षा चहापाण्यापुरती जास्त होती. तीही हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, जे इंग्रजी रुपयाहून हलकं. दफ्तरात बसून नकला उतरवणारा मिडल पास अहलकार, म्हणजे कारकून, त्याच्या दुप्पट घ्यायचा. शिवाय आम्ही हंगामी. बोंडं फुटली की घरी.

आणि एवढ्यासाठी आत शिरायला अटी काय? मुलकी, म्हणजे निजामाच्या मुलखातला रहिवासी, असल्याचा दाखला. चालचलनीचा दाखला. जमीनदार असलेले दोन जामीन. आम्ही फुलं घेऊन पळून जाऊ अशी धास्ती असावी. माझ्या मुलाखतीत माझ्यापुढं शिकस्ता लिपीतला एक अर्ज टाकला आणि वाचा म्हणाले. शिकस्ता म्हणजे कारकुनांची पळती उर्दू, लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागत नाही. मी वाचला. मग विचारलं, घोड्यावर बसता येतं का? मी म्हणालो, बैलगाडीत बसता येतं. एकानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. कापसाचं फूल कधी जवळून पाहिलंय का, हे तेवढं कोणी विचारलं नाही. माझं शिक्षण इंटर सायन्सपर्यंतच, त्यामुळं मला हंगामीच्या वर जायची वाट नव्हती. काशिनाथला होती.

या अटी वाढतात कशा, तेही मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचं एक वावर बाजाराच्या वाटेला लागून होतं. एका सकाळी बघतो तर आम्ही हात न लावलेल्या फुलांनाही लाल दोरे. अख्खी ओळ. रंभाबाईनं दुपारपर्यंत छडा लावला. गंगाखेडकडच्या कुणी बाजारकरणीनं पाहिलं होतं की सरकार फुलाला दोरा बांधतं आणि त्या फुलाचं बोंड टिकतं. तिनं लेकराच्या नवसाचा दोरा बांधला. तिचं बघून मागच्या बायांनी बांधले.

"कुनाचं पोर आजारी, कुनाची म्हैस आटलेली," रंभाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, बायांनो, हितं द्येव न्हाई, बीएस्सी हाय. त्या म्हनल्या, आसंल की दोनी."

ओळ बाद झाली, कारण कुठला दोरा आमचा आणि कुठला नवसाचा ते कळेना. पण काशिनाथनं ते दोरे सोडू दिले नाहीत. म्हणाला, "राहू दे. त्यांचं काही मागणं असेल." दुसऱ्या दिवसापासून आम्ही निळा दोरा घेतला आणि प्रश्न मिटला. वर मात्र मिटला नाही. आमच्याकडून लेखी जबाब मागवला आणि पुढच्या वर्षीच्या इश्तिहारात, म्हणजे नोकरीच्या जाहिरातीत, नवी अट आली: उमेदवार नवस-ताईत मानणारा नसावा.

अगोदरच्या एका हंगामात मजुरांत खरूज पसरली होती, तेव्हा अट आली होती की कायम जागेच्या उमेदवाराचे दात, केस आणि नखं साफ असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. काही बिघडलं की अट वाढते. तनखा कशानंच वाढत नाही. हे मी एका पत्रकात लिहिलं होतं. मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे आमच्या फार्मच्या मुख्यांनी, मला बोलावून ते पत्रक माझ्यापुढं धरलं. भला माणूस. म्हणाले, "मियां, बात सच्ची है. लेकिन भिंतीला चिकटवायची काय जरूर? मुझे ला के देते, मैं भी पढ़ लेता."

तर १३५४ च्या त्या दिवाळीत फार्मवर एक जागा मुस्तकिल व्हायची होती. कायमची. बीएस्सीच हवा, आणि कमिटीपुढं फुलांचं काम करून दाखवायचं. काशिनाथशिवाय त्या जागेला दुसरा लायक माणूस नव्हता. त्याला ती तनखेसाठी नको होती, कारण कायम झाल्यावरची तनखाही अहलकाराच्या खालीच होती. त्याला ती हवी होती मरीच्या वावरासाठी.

मर लागून मातीच रोगट झालेला एक तुकडा त्यानं मुद्दाम मागून घेतला होता. आपल्या संकराची तिसरी पिढी तिथं लावली होती. बहुतेक झाडं मेली. जी थोडी उभी राहिली त्यांचा धागा त्यानं बोटावर ओढून मला दाखवला. गावरानापेक्षा आखूड नव्हता. त्या उरलेल्या झाडांच्या कळ्या त्या हंगामात रोज बांधून बी शुद्ध राखलं, तर पुढच्या वर्षी त्याच्या वाणाचं बी शेतकऱ्याच्या हातात पडायला सुरुवात झाली असती. काशिनाथ कायम झाला नाही तर तो तुकडा सांभाळायला कोणी नाही, आणि बापानं मुदत दिली होती दिवाळीपर्यंतची.

बाप, महालिंगप्पा, त्याच्या आधी एकदा फार्मवर आले होते. गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. लेक ओळीत वाकलेला बघून बांधावरच थांबले. मी पाणी दिलं.

"तुमी बी ह्येच करताव का?" मला विचारलं.

"हो अप्पा."

"दुकानात तराजू धरायला गडी ठिवलाय म्या. त्येला ह्याच्याहून जास्ती देतो. अन् त्येला फारशी येती का म्हनून इचारत न्हाई."

काशिनाथ वर न बघता म्हणाला, "अप्पा, दिवाळीला कायम होतो."

"दिवाळीला न्हाई झालास तर?"

"तर येतो दुकानात."

"हितल्या ह्या पोरापुढं बोललास बग. इसरू नगंस."

तो सोमवार उजाडला. कमिटी दुपारच्या गाडीनं पिंगळीला उतरणार, संध्याकाळी काम बघणार. डॉक्टरचा दाखला हातात असल्याशिवाय उमेदवाराला वावरात उभं करायचं नाही, असा हुकूम. तो दाखला परीक्षेच्या दिवसाचाच हवा, हीही अट. म्हणून सकाळी आम्ही दोघं परभणीला गेलो.

डॉक्टरनं दात बघितले, केस बघितले, डोळे बघितले. हात उलटा केला आणि थांबला.

"हे काय? एकच नख? तपकीर ओढता?"

"नाही साहेब."

"मग सतार वाजवता?"

कंपाउंडर खदखदून हसला. काशिनाथनं शांतपणे सांगितलं, "साहेब, कापसाच्या कळीतून पुंकेसर काढावे लागतात. तेच आमचं अवजार आहे. आज संध्याकाळी त्याचीच परीक्षा आहे."

"अवजार पेटीत ठेवावं, बोटावर नाही. दाखल्यात लिहिलंय, नखं साफ. कापून या, सही घेऊन जा."

मी तोंड घातलं. म्हणालो, साहेब, शिंप्याला सुई मोडून या म्हणाल का? डॉक्टर म्हणाला, शिंप्याचा दाखला माझ्याकडं येत नाही. माणूस वाईट नव्हता. बाहेर रोग्यांची रांग लागली होती, पुढ्यात छापील कलम होतं.

आम्ही ओसरीवर आलो.

"दत्ता, तू काय केलं असतंस?"

"भांडलो असतो."

"भांडून सही मिळते का?"

सहीशिवाय परीक्षा नाही, नखाशिवाय परीक्षेत हात चालणार नाही. काशिनाथनं कंपाउंडरकडून कात्री मागून घेतली, ओसरीच्या बाकावर बसला आणि कापलं. सही मिळाली. दाखल्यावर तब्येत उत्तम असं लिहिलेलं होतं.

संध्याकाळी कमिटीचे तिघं वावराच्या कडेला खुर्च्या टाकून बसले. उमेदवारानं आपली अवजारं आणावीत, असा नियम होता. काशिनाथनं माझा चाकू घेतला होता, पेन्सिली तासायचा. पहिल्या कळीला त्यानं सवयीनं अंगठाच लावला. अंगठ्याचं मांस घसरलं आणि कळी चेपली. मग चाकू. चाकू कधी गर्भपिशवीवर टेकतो ते डोळ्यांना दिसत नाही, आणि पात्याला नखासारखं जाणवत नाही. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता, पण तो थांबला नाही. ठरवून दिलेल्या सगळ्या कळ्या त्यानं सोलल्या, नळ्या घातल्या, दोरे बांधले.

रंभाबाई ओळीच्या टोकाला उभी होती. न राहवून म्हणाली, "भाऊ, माजं नख घ्या की. म्या सोलते, तुमी सांगा."

कमिटीतला एकजण म्हणाला, काम उमेदवारानं स्वतःच्या हातानं करायचं आहे.

"आन् नख कापलं ते कुनाच्या नियमानं? तवा न्हाई इचारलं हात कुनाचा हाय ते?"

त्या साहेबांना मराठी धड येत नव्हती. त्यांनी मोहतमीमसाहेबांकडं बघितलं. मोहतमीमसाहेब उर्दूत म्हणाले, "बाई हुजूरांना सलाम करते आहे." साहेबांनी मान हलवून सलाम घेतला. त्या दिवशी मी हसलो तेवढाच.

सकाळी पराग लावला. बोंड धरलं की गळलं हे बघायला कमिटीनं आपला एक माणूस मागं ठेवला. आठवडा संपता संपता निम्म्याहून जास्त बोंडं देठाशी पिवळी पडून खाली आली. शेरा आला: अमली काम नाकाफी. म्हणजे हातचं काम अपुरं. ज्याच्या हातचं काम तीन हंगाम साऱ्या फार्मनं पाहिलं होतं, त्याचं.

मी मोहतमीमसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाले, "मैंने लिखा के उसका नाखून काटने लगाए. ऊपर से जवाब आया, नखावर चालणारं काम शास्त्रीय कसं म्हणायचं. मैं क्या करना बोलो?"

"साहेब, चिमटे द्या."

"लढाई खत्म होने दो."

नापास उमेदवाराला हंगामीवरही ठेवायचं नाही, असा आणखी एक नियम निघाला. काशिनाथ गेला. मरीच्या वावरातल्या झाडांच्या कळ्या काही दिवस मी आणि रंभाबाई बांधत राहिलो. मग हुकूम आला की त्या तुकड्याला कायम माणूस नाही, तेव्हा त्यावर मजुरी खर्च करू नये. दोरे थांबले, फुलं मोकळी उमलली, माशा आपल्या कामाला लागल्या. कापूस वेचून इतर कापसात जिनिंगला गेला. त्यातलं बी कुठलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी या सगळ्यावर एक पत्रक काढलं, या खेपेला मोहतमीमसाहेबांना आधी नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि हंगाम संपल्यावर मला पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्या हातातही तेवढंच होतं.

महालिंगप्पा बैलगाडी घेऊन लेकाला न्यायला आले. ट्रंक गाडीत चढवताना मला म्हणाले, "ह्येला शिकवला तवा वाटलं हुतं, दुकान माज्यासंगंच बंद व्हील. आता दुकान चालू हाय."

याला दोन वर्षं झाली. लढाई संपली. परवा ताडकळसच्या बाजाराला गेलो होतो. काशिनाथ गादीवर बसून एका म्हातारीला गूळ देत होता. मला बघून आत बोलावलं, चहा मागवला.

"दत्ता, ती जागा परत निघालीय म्हणे?"

"निघालीय. बीएस्सी पहिला वर्ग. शिवाय खात्यातल्या एक वर्षाच्या अमली कामाचा दाखला. तो दाखला मिळतो फक्त कायम माणसाला."

"तनखा?"

"तीच."

तो हसला. गिऱ्हाईक आलं, त्याला हळद बांधून दिली. मग हळू आवाजात, आतल्या खोलीत बापाला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "मी टाकतोय दरखास्त. दाखल्याचं बघू काहीतरी."

मी त्याच्यावर चिडलो, दुकानातच. ज्यानं तुला बाहेर काढलं त्याच दारात परत उभा राहतोस? तो म्हणाला, "तुला नाही टाकावीशी वाटत?"

वाटते. ती जागा माझ्यासाठी नाही हे माहीत असूनही वाटते. या दिवसांत कुठल्याही रानाच्या कडेनं जाताना दुपार कलली की माझी नजर कळ्यांच्या शेंड्यांकडं जाते. इतकं सुरेख काम मला दुसरं मिळालेलं नाही. आणि इथंच ते आपल्याला धरतात. आपल्याला काम आवडतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून एका जागेला दरखास्तींचा ढीग पडतो, आणि ढीग दिसला की वर बसलेला माणूस म्हणतो, तनखा कशाला वाढवा, अट वाढवा.

तो ढीग आपण आहोत. परभणीचे, जिंतूरचे, सेलूचे, हिंगोलीचे, सायन्स शिकून घरी बसलेले सगळे. काशिनाथ, तूही यात आलास, आणि हे तू वाचशील म्हणून तुझ्या नावानं लिहितोय.

मुदत दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत आहे. तुमची दरखास्त लिहून झाली असेल, बापानं जामीन शोधले असतील, दाखले गोळा झाले असतील. ती टाकू नका. टाकली असेल तर जाऊन परत घ्या, आणि परत घेताना कारण तोंडी सांगा: निदान अहलकाराएवढी तनखा आणि हातात चिमटा दिल्याशिवाय आम्ही येत नाही. या एका हंगामात त्या टेबलावर एकही दरखास्त पडता कामा नये. माझी पडणार नाही. तुमची पडू देऊ नका.